तांब्याचा कान

“या मधुशेठ, या! इथं बसा. उशीर केलात, पण आलात एकदाचे!”

नाना कर्ड्यांनी आमच्या यांचा दंड धरून त्यांना कालिकेच्या देवळाच्या कट्ट्यावर बसवलं आणि बाकीच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी भाजीची पिशवी घेऊन पायरीशी उभी होते. नवरा बहिरा झाला म्हणून टाळ्या वाजवणारी माणसं जगात आणखी कुठं असतील तर मला दाखवा.

गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची, नाशिकच्या आमच्या तांबट आळीतली. तेव्हा अजून बऱ्याच घरांत हातोडे चालायचे. खाली कारखाना, वर संसार. सकाळी तांब्याच्या पत्र्यावर ठोके सुरू झाले की आळीतली माणसं आवाज काढून बोलायचीच नाहीत. नुसते ओठ हलवायचे. समोरच्या गॅलरीतली बाई ओठांवरून ओळखायची, माझ्याकडं आज मेथी आहे की मेथीवरून भांडण. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, या आळीतले लोक सारखं काहीतरी चघळत असतात. पुढं मीही शिकले. सासूबाईंच्या पाठीमागं त्यांच्याबद्दल बोलायला त्याच्यासारखी सोय नाही.

अशा ठणठणाटात जन्म काढल्यावर साठी-पासष्टीला तांबटाचा कान जायचाच. त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. कान गेला की कारागीर आपल्या हातानं तांब्याचा लहानसा कान घडवतो, मंगळवारी देवीला वाहतो, आणि मग त्याला कट्ट्यावर बसायचा मान. देवळाच्या भिंतीवर असे कान ओळीनं टांगलेत. कुणाचा मोठा, कुणाचा पाळीला भोक पाडलेला, तर नानांचा चक्क केसांसकट.

यांना मात्र साठी लागायला अवकाश होता. एका सकाळी उठून बसले आणि म्हणाले, “डाव्या कानात शिट्टी वाजतेय गं. आणि बाकी काही नाही.”

“बाकी काही नाही म्हणजे?”

“म्हणजे काहीच नाही. त्या बाजूला आळीच नाही.”

खाली तीन घरांचे हातोडे चालले होते. मी त्यांच्या डाव्या कानापाशी चुटकी वाजवली, मग टाळी, मग घंगाळावर उलथनं. हे आपले खिडकीकडं बघत बसले होते. उलथन्याला तेवढी मान हलली, तीही उजव्या कानाच्या कृपेनं.

दुपारपर्यंत बातमी आळीभर. संध्याकाळी कट्ट्यावर सत्कार.

“डॉक्टरकडं जायला हवं, नाना,” मी ओरडून म्हटलं.

नाना माझ्या ओठांकडं बघून हसले. “कशाला सूनबाई? डॉक्टर काय सांगणार, हातोडा मारू नका? माझ्या बापाचा गेला, माझा गेला, याचा जाणारच. मधू, कान घडवायला घे. पुढच्या मंगळवारी वाहून टाकू.”

आणि हे हसत “हो” म्हणाले. तिथंच मला पहिला खडा लागला.

दुकानाचा हिशेब मी बघते. आकडे जुळले की मी त्यांच्याकडं ढुंकून बघत नाही, पण एक जुळला नाही की मला घास गोड लागत नाही. कट्ट्यावरचे सगळे बहिरे मी एकेक करून डोळ्यांसमोर आणले. नाना, गोविंदशेठ, बापू. सगळ्यांचे दोन्ही कान गेलेले, आणि जाता जाता वर्षं घेतलेली. आधी पाखरांचा आवाज गेला, मग नातवंडांचा, मग बायकोचा. बायकोचा जरा आधी गेला असं त्यांच्या बायका म्हणतात. यांचा मात्र एकच कान, तोही एका रात्रीत. आदल्या संध्याकाळी तर यांनी कारखान्यातून मला विचारलं होतं, वर कढीला फोडणी दिलीस का गं? फोडणीची चुर्र ऐकू येणारा माणूस सकाळी डाव्या बाजूनं ठार बहिरा? हातोडा असा उधारी एकदम वसूल करत नाही.

आणि ती आदली रात्र मला चांगली लक्षात होती. त्या रात्री यांचं नाक बंद होतं.

आता हे नाकाचं जरा समजावून सांगायला हवं.

आमचं लग्न झालं तेव्हा वर दोन खोल्या होत्या आणि माणसं सात. सासू-सासरे, धाकटा दीर, दोन नणंदा आणि आम्ही. पुढं नणंदा सासरी गेल्या तर मुलं झाली. मुलगा नोकरीला गेला तर सासूबाई आजारी पडल्या. आमचा सगळा संसार म्हणजे कुणीतरी खोकलं की गप्प पडून राहायचं. मग सासूबाई गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी अश्लेषाचं, म्हणजे आमच्या धाकटीचं लग्न झालं. मांडव उतरल्यावर यांनी पहिलं काम काय केलं असेल? आतल्या खोलीच्या दाराला पितळेची कडी घडवून बसवली. चांगली हातभर लांब. इतक्या वर्षांत त्या दाराला कडी नव्हती, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पण कडी झाली आणि वय झालं. बीपीची गोळी सुरू झाली होती, अंगात थकवा होता. दोन-तीनदा हे भिंतीकडं तोंड करून पडले. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाले, “झोप. आज पत्रा जाड होता.” मी झोपले. पत्रा कुठला होता ते दुकानाच्या हिशेबात मला माहीत होतं.

आणि मग काही महिन्यांनी एकदम पालट. स्वारी खुशीत. केसाला तेल, दाढी गुळगुळीत. आणि ज्या दिवशी कडी लागायची त्या दिवशी तासाभरात यांचा चेहरा लालबुंद व्हायचा, कानाच्या पाळ्या भट्टीतून काढल्यासारख्या, आणि नाक बंद. बोलायचे ते नाकात. प्रेमानं माणसाला ताप चढतो हे ऐकून होते, पण पडसं होतं हे मी पहिल्यांदाच बघत होते.

दिवाळीच्या आधी दुकानातली भांडी चिंचेनं घासायला काढली. फळीवर एक तांब्याचा बंब होता, गिऱ्हाइकाविना वर्षानुवर्षं पडलेला. गिझर आल्यापासून बंब कोण घेतो? त्याच्या राखेच्या कप्प्यात हात घातला तर गोळ्यांची पट्टी लागली. नाव वाचलं. मला इंग्रजी बेताचं येतं, पण वर्तमानपत्रात विनोद वाचण्याइतकं येतं. पट्टी होती तशी ठेवली आणि बंब बाहेरून घासला. आतून घासला नाही.

हसू आलं. बरंही वाटलं. या माणसानं माझ्यासाठी कुठल्या तरी दुकानात जाऊन, चार माणसांत मान खाली घालून, ती मागितली असणार. ज्याला मुलीच्या लग्नात आहेर मागून घ्यायची लाज वाटली, त्यानं. मग मीही ठरवलं, यांना माहीत नाही तेच बरं. माहीत झालं असतं तर लाजेनं कडी कायमची उघडी राहिली असती.

तर आदल्या रात्री नाक बंद होतं, आणि सकाळी कान. माझ्या डोक्यात दोन आकडे शेजारी शेजारी येऊन बसले. पण नाक बंद करणाऱ्या गोळीनं कान जातो असं कुठं ऐकलं नव्हतं, आणि विचारू कुणाला? नानांना?

दोन दिवस हे कारखान्यात बसून तांब्याचा कान घडवत होते. छान उतरत होता. मी त्यांच्या उजव्या हाताला बसून शेंगा सोलत होते. बोलायचं झालं की तिकडूनच बोलावं लागायचं. कान झाला तसं एका घंगाळाचं अर्धवट काम ओढलं. तांबं ठोकता ठोकता कडक होत जातं. ते किती कडक झालं हे कारागीर आवाजावरून ओळखतो. ठोका चढ्या सुरात वाजायला लागला की थांबायचं, भांडं भट्टीत लाल करायचं, पाण्यात टाकायचं, मग पुन्हा हातोडा. मला वर स्वयंपाकघरातूनही कळायचं, आता हे थांबणार. त्या दिवशी मला कळलं आणि हे थांबले नाहीत. मी शेंगा टाकून म्हणेपर्यंत, “अहो, बोलतंय ते!” घंगाळाचा काठ बोटभर फाटला.

हे कितीतरी वेळ त्या फटीवर अंगठा फिरवत बसले. कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांचे कान हळूहळू गेले, तोवर त्यांच्या मनगटांनी काम शिकून घेतलं होतं. यांच्या मनगटांना कुणी तेवढा वेळ दिला नव्हता.

“गेलं,” एवढंच म्हणाले. घंगाळाबद्दल की कशाबद्दल, मी विचारलं नाही. “उठा,” म्हटलं. “शर्ट बदला.”

कानाच्या डॉक्टर शेजवळबाई आमच्या अश्लेषाच्या वयाच्या. हे तिथंच अर्धे गार झाले. बाईंनी कानात दिवा घालून बघितलं, मग एक चिमट्यासारखी दुपाखी पट्टी हातावर आपटून यांच्या कपाळाला टेकवली.

“काका, कुठल्या कानात वाजतंय?”

“उजव्या. हे पोलाद का हो? काय गोड वाजतंय!”

“काका, पोलाद असो की काही. डाव्यात अजिबात नाही?”

“अजिबात.”

मग काचेच्या दाराच्या खोलीत यांना कानाला फोन लावून बसवलं. हातात बटण दिलं; आवाज आला की दाबायचं. उजव्या कानाला हे पास. डाव्याला बाई आवाज वाढवत गेल्या आणि हे शाळेतल्या मुलासारखे बटणाकडं बघत बसले.

बाहेर येऊन खुर्चीत बसले. मी उजवीकडच्या स्टुलावर. बाई म्हणाल्या, “पडदा चांगला आहे, मळही नाही. तेल घातलं होतं का? यापुढं घालू नका. आतली नस गेलीय, आणि अचानक गेलीय. हातोड्याच्या आवाजानं कान असा जात नाही, काका. तो दोन्ही बाजूंनी, सावकाश जातो.”

माझे आकडे निदान अर्धे जुळले.

“ताप? डोक्याला मार? चक्कर?”

“नाही.”

“औषधं कुठली चालू आहेत?”

“बीपीची. सकाळी एक.”

“आणखी?”

“आणखी काही नाही.”

“आयुर्वेदिक, ताकदीची, कुणी मित्रानं दिलेली? एखादी नवीन गोळी? नीट आठवा. मला उपचार ठरवायचेत.”

“नाही हो डॉक्टरीणबाई. एवढीच.” आणि बहिरा नसलेला उजवा कान पाळीपासून वर लाल होत गेला.

मी बघत होते. हा माणूस कान देईल, पण पट्टी देणार नाही. मी बोलले तर पोरीच्या वयाच्या बाईसमोर यांचं पाणी पाणी होणार, आणि घरी जाऊन हे माझ्याकडं पुन्हा मान वर करून बघणार नाहीत. नाही बोलले तर कान जाणार, घंगाळं फाटणार, आणि पुढच्या मंगळवारी नाना टाळ्या वाजवणार.

मी उठले. पिशवी शोधल्यासारखं केलं, आणि दुसरा स्टूल ओढून यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. हे समोर बघत होते. मी बाईंकडं तोंड करून, ओवाळताना पुटपुटतात तेवढ्या आवाजात म्हटलं, “नवराबायकोची गोळी असते ना, ती घेतात. आदल्या रात्रीही घेतली होती. मला माहीत आहे, हे यांना माहीत नाही.”

बाई हुशार. मान वर केली नाही. लिहिता लिहिता पेन तेवढं क्षणभर थांबलं. मग कागद बाजूला सारून यांच्या उजव्या कानाकडं वाकून त्या मोठ्यानं म्हणाल्या, “काका, असा कान गेलेला पेशंट आला की मी सगळ्या पुरुषांना एक गोष्ट सांगते, तशी तुम्हालाही सांगते. पुरुषांसाठी एक गोळी मिळते. तिनं क्वचित कुणाचा कान असा अचानक जातो. तिनंच गेला असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. कान कधीकधी काही कारण नसतानाही जातो. पण कुणी घेत असेल तर आजपासून बंद. तुम्ही घेता का हे मी विचारत नाही. पुढं कधी हवीशी वाटली तर तपासून घेऊन, डॉक्टरांना विचारून. दुकानातून परस्पर नाही, बीपीचा त्रास असताना तर मुळीच नाही.”

यांनी बाईंच्या टेबलावरच्या दिव्याकडं बोट केलं. “कानात बघून एवढं कळतं?”

“बरंच कळतं,” बाई म्हणाल्या.

सूज उतरवायच्या गोळ्या दिल्या, रक्त तपासायला सांगितलं. “लवकर आलात ते बरं केलंत. कान परत येईलच असं वचन देत नाही. पण असे पुष्कळांचे येतात.”

घरी आल्यावर हे सरळ कारखान्यात गेले. वर मला बंबाच्या कप्प्याची खिट्टी वाजलेली ऐकू आली. मी कणीक मळत राहिले.

पुढचे दिवस जड गेले. वेळेवर गोळ्या, वेळेवर जेवण, बोलणं कामापुरतं. कडीला कुणी हात लावला नाही. मंगळवार आला तेव्हा नाना दारात. “काय मधू, कान तयार आहे ना?” यांनी घडवलेला कान फडक्यात गुंडाळून ठेवला होता. म्हणाले, “पुढच्या मंगळवारी.” नानांना ते आवडलं नाही. देवीची उधारी ठेवू नये म्हणाले.

एक दिवस मी खाली चहा घेऊन गेले. हे पाठमोरे बसून तपेली ठोकत होते, डावी बाजू माझ्याकडं. मी आतल्या पायरीवर थांबले. ठोका चढत चालला होता. टप, टप, टण. आता, मी मनात म्हटलं. आणि हातोडा थांबला. यांनी मान वाकडी करून डावा कान तपेलीजवळ नेला आणि बोटाच्या पेरानं काठावर टिचकी मारली. पुन्हा मारली. मग मागं न वळता म्हणाले, “चहात आज आलं जास्त किसलंस. किसणीचा आवाज बराच वेळ येत होता.”

मी पायरी उतरून चहा त्यांच्या डाव्या हाताला ठेवला.

शेजवळबाईंनी पुन्हा तपासलं. पहिल्यासारखा पूर्ण नाही, पण बारा आणे आला म्हणायला हरकत नाही. नानांना सांगायला आम्ही दोघं कट्ट्यावर गेलो तर नाना ऐकेनात. कान गेलेले पाहिलेत, आलेला कुणी पाहिला नाही, म्हणाले. शेवटी निकाल असा लागला की घडवलेला कान घरात ठेवायचा नाही. गेल्याचा म्हणून नको, तर आल्याचा म्हणून देवीला वाहायचा. पण कट्ट्यावरची जागा रद्द. हे खाली उतरले तेव्हा म्हाताऱ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, यावेळी जरा नाराजीनं.

त्या संध्याकाळी दिवेलागण झाली होती. मी आतल्या खोलीत धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. हे दारात येऊन उभे राहिले.

“एक विचारू?”

“विचारा.”

“इतके दिवस माझ्या उजव्या बाजूला बसायचीस. तिथं डॉक्टरीणबाईंसमोर डाव्या बाजूला का बसलीस?”

मी घडी मोडून पुन्हा घातली. “पिशवी तिकडं होती.”

“पिशवी तुझ्या मांडीवर होती.”

“अहो, मग त्या वेळी लक्षात…”

“ती आवाज तपासायची खोली आहे ना, तिला काचेचं दार आहे. माझ्या अगदी समोर होतं. त्यात तू आरशात दिसावी तशी दिसत होतीस.” हे दोन बोटं आपल्या ओठांपाशी नेऊन थांबले. “मी तांबटाचा पोर आहे गं. बोलायला लागायच्या आधी ओठ वाचायला शिकलो. आणि तू चाललीस माझ्या बहिऱ्या कानाआड लपायला!”

माझे कान लाल झाले. इतकी वर्षं त्या आळीत काढून मी हे विसरले होते! म्हणजे यांना सगळं कळलं होतं. मला गोळी माहीत आहे हेही, आणि यांना ते माहीत नाही असं मी सांगितलं हेही. आणि तरीही स्वारी बाईंना विचारत होती, कानात बघून एवढं कळतं का म्हणून!

“मग तिथं तसं का विचारलंत?”

“तू माझी अब्रू झाकायला एवढी उठून बसलीस, मी काय ती उघडी पाडू?” मग हे हसायला लागले. आधी हळू, मग खांदे हलवून. “पण ‘नवराबायकोची गोळी’? कुठल्या दुकानात मिळते गं ही? नाव तरी काय काढलंस!”

“मग काय म्हणणार होते? बंबातली गोळी?”

“बंबातली! म्हणजे बंबही माहीत!” हे मटकन खाटेवर बसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. मग डोळे पुसून म्हणाले, “ती आता नाही घेणार. आणि तिच्याशिवाय काय, किती, ते सांगता येत नाही.”

“मी कुठं हिशेब मागितलाय?”

“तू? तू मागणार नाहीस?”

हे उठले, खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले, बाहेरच्या आळीकडं बघत. हातोडे थांबले होते. मी कपड्यांची चळत फळीवर ठेवली, दार लोटलं आणि ती पितळेची कडी हळूच, अगदी हळूच सरकवली.

“ऐकू आली,” हे न वळता म्हणाले. त्यांची डावी बाजू माझ्याकडं होती.